जबड्यालाही सुटी हवी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा होती. ते विषय आम्ही वर्षभर बोलतच असतो. म्हणून यंदा आम्ही जबड्याच्या सांध्याचे दुखणे हा विषय मागून घेतला. चालकांपैकी एक सद्गृहस्थ हसून म्हणाले, ‘‘तुमचा जबडा भाषणांनी कमावलेला. त्याच्या दुखण्याशी तुम्हांला काय करायचे आहे?’’ आम्ही म्हणालो, ‘‘तो दुखला आहे, म्हणूनच बोलायचे आहे.’’

प्रारंभीच सांगून टाकतो की आम्ही डॉक्टर नव्हे. आम्ही रोगी. रोगी म्हणून जे सोसले, जाणत्या डॉक्टरांना जे विचारले आणि पुढे वाचून जे पडताळून पाहिले, तेवढेच येथे मांडणार आहोत.

मराठी भाषेला या विषयाची जाण जुनी आहे. माणूस संतापला की दात-ओठ खातो. भ्याला की त्याची दातखीळ बसते. ज्याला बोलण्याची सोय नाही त्याच्या वाट्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार येतो. राग, भय आणि मुकाट्याने सोसणे या तिन्ही गोष्टी आपल्या वाडवडिलांनी जबड्यापाशी आणून ठेवल्या आहेत. हा नुसता भाषेचा अलंकार आहे असे आम्हांस पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी पगारवाढीच्या एका कराराच्या वाटाघाटी आठ महिने चालल्या. दिवसा बैठक, संध्याकाळी गेटसभा, रात्री कागदपत्रे. त्या काळात आमचा उजवा कान ठणकू लागला. कानाच्या डॉक्टरांनी कान तपासला. तो स्वच्छ होता. मग कानशील दुखू लागले, सकाळी उठताना गाल जड वाटू लागले आणि भाकरीचा घास चावताना कानापुढे ‘कट्’ असा आवाज येऊ लागला. दाताचे दुखणे समजून आम्ही एका दवाखान्यात गेलो, तेव्हा शेवटची दाढ काढून टाकावी असा सल्ला मिळाला. दाढ किडलेली नव्हती. तिच्यावर वार ठरला, तारीख ठरली. पण त्याच दिवशी मालकांनी बैठक बोलावली आणि दाढ वाचली.

आमच्या युनियनमधील एका भगिनीचे नशीब तसे नव्हते. शिवणाच्या कारखान्यात ती कामाला. तिच्या अशाच दुखण्यासाठी एकामागून एक दोन दाढा काढल्या गेल्या. दाढा गेल्या, पैसे गेले, चार दिवसांचा पगार गेला आणि दुखणे होते तेथेच राहिले. ते दाढांचे नव्हतेच. पुढे एका दंत महाविद्यालयातील अध्यापकांनी आम्हां दोघांनाही तपासले. त्यांनी कानापुढे बोटे ठेवून तोंड उघडायला लावले, गालांचे आणि कानशिलांचे स्नायू दाबून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘आता, या क्षणी, तुमचे वरचे दात खालच्या दातांना लागलेले आहेत काय?’’ आमचे लागलेले होते. नुसते लागलेले नव्हते, घट्ट आवळलेले होते. आणि आम्हांला त्याची वार्ता नव्हती.

तेव्हा प्रथम हा सांधा पाहू. आपण सर्वांनी दोन्ही हातांची एकेक बोटे कानाच्या अगदी पुढे ठेवावी आणि तोंड हळूहळू उघडून मिटावे. बोटाखाली जे हलते ते खालच्या जबड्याच्या हाडाचे लांबट गोल डोके. ते कानशिलाच्या हाडातील खोबणीत बसते. दोहोंच्या मध्ये एक चिवट, लवचीक चकती असते. तोंड थोडे उघडताना हे डोके जागच्या जागी फिरते. आणखी उघडले की चकतीसह पुढे घसरते. बिजागरीप्रमाणे फिरणारा आणि खणाप्रमाणे सरकणारा असा हा सांधा आहे. शिवाय उजवा आणि डावा सांधा एकाच हाडाच्या दोन टोकांना असल्यामुळे एकाला वगळून दुसऱ्याला काम करता येत नाही. एका बैलाचा पाय लंगडू लागला की जू दुसऱ्याच्या मानेवरही पडते, तसेच हे.

हा सांधा चालविणारे मुख्य स्नायू गालात, कानशिलात आणि जबड्याच्या आतल्या बाजूस असतात. दात आवळून गालावर हात ठेवा. स्नायू टणक झालेला लागेल. मूठ दिवसभर वळून ठेवली तर संध्याकाळी हात दुखेल, हे कोणालाही सांगावे लागत नाही. जबड्याचे स्नायू तासन्‌तास आवळून ठेवले तर ते दुखतील, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. कारण ते दुखणे कानात, कपाळात किंवा दाढेत जाणवते. म्हणून रोगी एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत राहतो.

तोंड किती उघडावे याचे घरगुती माप सोपे आहे. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक धरून उभी पुढच्या दातांमध्ये मावली, तर तोंड बहुधा पुरेसे उघडते. मोठ्या माणसात हे अंतर साधारण ४० ते ५० मिलिमीटर असते. ‘कट्’ असा आवाज पुष्कळांच्या सांध्यात येतो. चकती जराशी पुढे सरकलेली असते आणि तोंड उघडताना जागेवर येते, त्याचा तो आवाज. दुखत नसेल आणि तोंड अडकत नसेल तर त्या आवाजावर काही उपचार लागत नाही. तो घालविण्यासाठी जबडा मुद्दाम वाजवून पाहण्याची खोड पुष्कळांना लागते. ती मात्र सोडली पाहिजे.

आता या दुखण्यावर वैद्यकाने काय काय केले, तो इतिहास थोडक्यात सांगतो. कारण त्यात आपल्या हिताचा मोठा धडा आहे. १९३४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी ११ रोग्यांची हकिकत प्रसिद्ध केली. दाढा पडल्यामुळे जबडा जास्त मिटतो, सांध्यावर दाब येतो आणि म्हणून कान दुखतो, अशी त्यांची उपपत्ती. तिची शारीरिक बाजू पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी खोडून काढली. तरी ‘दात नीट जुळत नाहीत म्हणून सांधा दुखतो’ हा विचार दंतवैद्यकात रुजला, आणि जुळणी सुधारण्यासाठी चांगले दात घासून कमी करण्याची पद्धत पडली. शिकागोचे डॅनियल लास्किन यांनी १९६९ मध्ये या विचाराला आव्हान दिले. मूळ बिघाड पुष्कळदा स्नायूंच्या थकव्यात असतो आणि हा थकवा मनावरील ताणामुळे दात आवळण्याने येतो, असे त्यांनी मांडले. १९७६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मासलेवाईक प्रयोग प्रसिद्ध केला. २५ रोग्यांचे दात घासल्याचा केवळ देखावा करण्यात आला. प्रत्यक्षात जुळणी मुळीच बदलली नाही. तरी त्यांतील १६ जणांनी दुखणे संपूर्ण किंवा जवळजवळ थांबल्याचे सांगितले! या रोग्यांना खोटे म्हणावयाचे कारण नाही. धीर मिळाला, कोणी लक्ष घातले, की हे दुखणे बऱ्याच वेळा ओसरते, असा याचा अर्थ. आणि ओसरणारे दुखणे घासलेल्या दाताच्या नावावर जमा करू नये, हा दुसरा अर्थ.

याहून दारुण प्रकरण १९८० नंतरचे. सांध्यातील चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनयुक्त कृत्रिम पदार्थाची चकती बसविण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत हजारो रोग्यांवर झाली. चावण्याच्या दाबाखाली त्या चकत्यांचा चुरा झाला, शरीर त्या चुऱ्याविरुद्ध उठले आणि काहींच्या सांध्याचे हाडच झिजून गेले. १९९०-९१ मध्ये तेथील सरकारला त्या परत मागवाव्या लागल्या. बरे होण्यासाठी गेलेली माणसे जन्माची दुखणाईत झाली. १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने सांगितले ते हे की, प्रथम असेच उपाय करावे जे सौम्य आहेत आणि नको वाटल्यास मागे घेता येतात.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात एका आंतरराष्ट्रीय मंडळाने जुनाट दुखण्याविषयी मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांनी ज्यांची जोरदार शिफारस केली ते उपाय असे: रोग्याला दुखणे समजावून सांगणे व धीर देणे, घरी करावयाचा व्यायाम, जाणत्याच्या देखरेखीखाली जबड्याचा व बसण्या-उभे राहण्याच्या ठेवणीचा व्यायाम, दुखऱ्या स्नायूंना हाताने दिलेला दाब, आणि विचारांच्या व वागण्याच्या सवयी बदलविणारी मानसोपचाराची पद्धत. यांत महागडे असे काही नाही. जबड्याची ठेवण कायमची बदलणारी आवरणे आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांना त्यांनी स्पष्ट विरोध केला. दातांवर घालण्याची नेहमीची आवरणे, सांध्यातील इंजेक्शने आणि बोटॉक्स यांचीही या दुखण्यासाठी सरसकट शिफारस त्यांनी केली नाही. काही निवडक रोग्यांना शस्त्रक्रिया लागते, हे खरे. पण ती पहिली पायरी नव्हे.

या साऱ्या इतिहासातून आम्ही जो धडा घेतला तो असा. काढलेला दात परत येत नाही आणि घासलेला दात वाढत नाही. जे परत करता येत नाही त्यावर सही करण्यापूर्वी कामगाराने तो कागद दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा, असे आम्ही नेहमी सांगतो. हाच नियम येथे लावावा. दात किडला असेल, मुळाशी पू झाला असेल, तर तो काढावा की वाचवावा हे दंतवैद्य ठरवील. परंतु निरोगी दात केवळ जबडा दुखतो म्हणून काढावयाचा किंवा घासावयाचा असेल, तर दुसऱ्या डॉक्टराचे मत घ्यावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. विमा असलेल्या कामगाराने प्रथम कामगार विमा योजनेच्या दवाखान्यात विचारावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी चळवळ केली आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. यंत्र बंद राहिले तर नुकसान होईल, असे तोवर सांगितले जात होते. माणूस थांबला नाही तर तो मोडतो, हे त्यावरचे उत्तर आहे. आपल्या जबड्याची अवस्था त्या १८९० पूर्वीच्या गिरणी कामगारासारखी आम्ही करून ठेवतो. वस्तुतः चावताना आणि गिळताना मिळून वरचे-खालचे दात एकमेकांना लागण्याचा काळ २४ तासांत जेमतेम १५ ते २० मिनिटांचा असतो. उरलेल्या वेळी दोन्ही दातांच्या ओळींत दोन-तीन मिलिमीटर अंतर असावे, अशीच शरीराची योजना आहे. दात एकमेकांवर ठेवणे म्हणजेच तोंड मिटणे, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. ओठ मिटावे, दात सुटे असावे.

हे कसे साधावे? ‘न’ हे अक्षर लांबवून म्हणा आणि हळूच आवाज थांबवा. जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलके लागलेले राहते आणि दात आपोआप सुटे असतात. आता ओठ अलगद मिटा आणि नाकाने श्वास घ्या. हीच जबड्याची सुटी.

मात्र ही स्थिती ठरवून टिकत नाही. मन कामात गेले की दात पुन्हा जुळतात. जपानमध्ये तोक्योच्या दंतवैद्यांनी दात टेकवून ठेवण्याच्या या सवयीचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांचा उपाय साधा आहे: जेथे नजर जाते तेथे लहान चिठ्ठ्या लावावयाच्या, चिठ्ठी दिसली की दात सोडावयाचे, खांदे खाली टाकावयाचे आणि एक लांब श्वास सोडावयाचा. आमच्या लोकांनी याला आपापली रूपे दिली. साध्या यंत्रमागावरचा कामगार धोट्यातील कांडी बदलताना दात तपासतो. शिवणकाम करणारी भगिनी प्रत्येक नवा कपडा हाती घेताना तपासते. रिक्षावाला लाल दिव्यापाशी, गृहिणी कुकरच्या शिट्टीबरोबर. आमची खूण म्हणजे मोबाईलची घंटा. ती वाजली की प्रथम दात सोडतो, मग बोलतो. सुरुवातीस दिवसातून चाळीस वेळा दात आवळलेले सापडत. दोन महिन्यांनी ते क्वचित सापडू लागले.

दुखणे जोरात असेल तेव्हा आहार बदलावा. मऊ भात, मुगाची खिचडी, पिठले, आमटीत कुस्करलेली भाकरी, उपमा, लापशी, शिजलेल्या भाज्या, केळे, ताक यांवर पोषण चांगले होते. ऊस दाताने सोलणे, फुटाणे, कडक लाडू, चिवट मांस, चिंगम आणि सुपारी काही आठवडे वर्ज्य करावी. पेरू किंवा सफरचंद अख्खे चावू नये. बारीक फोडी कराव्या. घास लहान घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी चावावा. पण कायमचे पेजेवर राहू नये. काम न दिलेला स्नायू दुबळा होतो. दुखणे उतरू लागले की एक-एक पदार्थ परत आणावा.

काही बारीकसारीक सवयी जबड्याला छळतात. दाताने दोरा तोडणे, टाचण्या ओठात धरणे, बाटलीचे झाकण दाताने काढणे, नखे खाणे, पेन्सिल चावणे, फोन खांदा आणि हनुवटी यांच्यात धरून बोलणे या त्या सवयी. व्याख्यान ऐकताना हनुवटी तळहातावर टेकवून बसणे हीही त्यांतलीच. येथून पाहताना समोरच्या तीन-चार ओळींत तसे हात आम्हांस दिसत आहेत. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरावी आणि जीभ टाळूला लावून ठेवावी, म्हणजे तोंड फार उघडत नाही. आमच्यासारख्या घोषणा देणाऱ्यांनी ध्वनिक्षेपक वापरावा. दाताचे लांब काम करून घ्यावयाचे असेल तर दंतवैद्याला आधीच सांगून मध्ये मध्ये तोंड मिटावयास अवकाश मागावा.

शेकाचा उपयोग होतो. गरम पाण्यात पंचा बुडवून पिळावा, हाताला सोसतो का ते पाहावे आणि गालावर व कानशिलावर १५-२० मिनिटे, दिवसातून दोन वेळा ठेवावा. नुकताच मार लागला असेल किंवा सांधा एकाएकी भडकला असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे ठेवावा. शेकानंतर बोटांच्या टोकांनी गाल गोल चोळावे. मग आरशासमोर बसून, जीभ टाळूला लावलेली ठेवून तोंड जेवढे उघडेल तेवढेच उघडावे व मिटावे. हनुवटी एका बाजूला जाऊ देऊ नये. असे सहा वेळा, दिवसातून पाच-सहा खेपा. दुखेल इतके ताणू नये. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस घेणे योग्य. पण पोटात जखम, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाब असलेल्याने दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत.

झोपेत दात खाण्याचा प्रश्न निराळा आहे. मूल दात खाऊ लागले की घरची वडील मंडळी जंताचे औषध काढतात. पण दात खाण्याचे कारण जंत हे ठरलेले नाही. झोपेतल्या माणसाला आपण काय करतो ते कळत नसते, म्हणून निर्धार उपयोगी पडत नाही. तंबाखू, दारू आणि रात्री उशिराचा चहा-कॉफी यांनी हा त्रास वाढतो, तो भाग आपल्या हाती आहे. पालथे झोपणेही टाळावे. दात झिजत असतील तर ते वाचविण्यासाठी दंतवैद्य रात्री घालण्याचे, काढता येणारे आवरण देतात. त्याचा हेतू दात वाचविणे हा आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

आता एका नाजूक प्रश्नाला हात घालतो. ‘ताणामुळे दुखते’ असे डॉक्टर म्हणाले की कामगाराला ऐकू येते, ‘तुझे दुखणे खोटे आहे.’ आणि मालकाला ऐकू येते, ‘आमचा काही संबंध नाही.’ दोन्ही ऐकणे चुकीचे आहे. ओझे उचलून पाठ दुखली तर कोणी तिला मनाचा खेळ म्हणत नाही. भीतीने, कर्जाने, अपमान गिळल्याने स्नायू आवळले गेले आणि ते दुखले, तर तेही ओझेच आहे. फक्त ते वजनकाट्यावर दिसत नाही. अमेरिकेत २००६ पासून सुमारे २७०० निरोगी माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला. दर वर्षी शंभरातील सुमारे चौघांना हे दुखणे नव्याने लागले. ज्यांची झोप बिघडत गेली, ज्यांना अंगात इतरत्रही दुखत होते, त्यांना ते अधिक लागले. हे दुखणे स्त्रियांना पुरुषांपेक्षा जास्त होते, हे तर सर्वत्र दिसून आले आहे. पाळीचे काम संपवून घरी दुसरी पाळी सुरू करणाऱ्या आमच्या भगिनींची झोप किती होते, हे आम्ही येथे सांगावयास नको.

मग आमचे म्हणणे काय? पाळी, झोप, गोंगाट आणि मुकादमाची भाषा यांसाठी युनियनने भांडावे. ते भांडण लांबते, हे आमच्याइतके कोणास ठाऊक! तोवर जबड्याने का म्हणून झिजावे? आठ महिन्यांच्या त्या वाटाघाटींत आम्ही दात आवळून बसलो, त्याने मालकाचे एक पैशाचेही नुकसान झाले नाही. झाले ते आमचेच. दात आवळणे म्हणजे खंबीरपणा, असे आम्हांस वाटत असे. आता दात सोडूनही तितक्याच खंबीरपणे नाही म्हणता येते, हे आम्ही शिकलो आहोत.

शेवटी काही धोक्याच्या खुणा. यांत घरगुती उपायांवर वेळ घालवू नये. चालताना, जिना चढताना जबडा दुखतो, छातीत दडपते, घाम फुटतो, तर ते हृदयाचे असू शकते. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पन्नाशीनंतर नव्यानेच कानशील ठणकू लागले, चावताना जबडा दमू लागला आणि नजर अंधुक झाली, तर रक्तवाहिनीच्या एका विकाराने दृष्टी जाण्याचे भय असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तोंड उघडे राहून मिटेनासे झाले तर जोर करू नये, डॉक्टरांकडून सांधा बसवून घ्यावा. जखमेनंतर दातखीळ बसू लागली तर तो धनुर्वात असू शकतो, रुग्णालयातच न्यावे. सूज आणि ताप, चेहऱ्याला बधिरपणा, विजेच्या झटक्यासारखी कळ, गाठ किंवा न भरणारा व्रण असेल तरीही डॉक्टरांनी पाहिलेच पाहिजे.

आणि एक खूण आपल्याकडची. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्याचे तोंड महिन्यागणिक कमी उघडू लागते, तिखट लागताच आग होते, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ होते. हा सांध्याचा विकार नव्हे. सुपारीमुळे गालाच्या आतील आवरणात ताठर तंतू तयार होतात. पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी तीन बोटे न मावणारी तरुण तोंडे आम्ही गेटसभेत अजून पाहतो. त्यांना ‘जबडा दुखतो, शेक घे’ असे सांगणे हा घात ठरेल. सुपारी त्याच दिवशी सोडावी आणि तोंडाची तपासणी करून घ्यावी.

बाकीच्यांनी मात्र घाबरू नये. या सांध्याचे बहुतेक दुखणे साध्या उपायांनी आणि काळाने उतरते. आमचे उतरले. आवाज अजून कधी कधी येतो, त्याला आम्ही येऊ देतो. त्या भगिनीच्या दोन दाढा परत आल्या नाहीत. पण आता तिला भाकरी चावता येते, आणि तिच्या ओळीतल्या कोणी जबडा धरला की डॉक्टरच्या आधी ती त्यांना ‘न’ म्हणायला लावते.

श्रोतेहो, तासभर आपण शांतपणे ऐकलेत. आता टाळ्या वाजविण्यापूर्वी एकदा पाहा, आपले दात एकमेकांना लागलेले आहेत काय? असतील तर सोडा. आमचे व्याख्यान संपले.